अधिकारांची वाटणी

एकाच संगणकावर घरातील चौघे काम करू लागले, म्हणजे प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडून देण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. आणि हे काम वरकरणी क्षुल्लक भासले, तरी ते मनापासून करणाऱ्यास, आपल्या कुटुंबात कोणाची मालकी कशावर आहे व कोणाला कशाची मुभा असावी, याचा निःसंदिग्ध निर्णय करावाच लागतो.

ही व्यवस्था मुळात घरासाठी निर्माण झाली नव्हती. १९६१ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा एक महागडे यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे हा उद्देश होता. पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत ही परंपरा रुजली. आमच्या संगणकावरील, याच परंपरेतील उबुंटू २२.०४ या कार्यप्रणालीत ‘अ‍ॅडयुजर’ हा हुकूम देऊन मी वडिलांचे खाते उघडू लागलो, तेव्हा त्यांच्या नावानंतर खोलीचा क्रमांक आणि कचेरीचा दूरध्वनीही विचारला गेला, तो त्या सामायिक यंत्रांच्या काळाचाच अवशेष होय.

माझे खाते १००० क्रमांकाचे. वडिलांना १००१, पत्नीला १००२ आणि मुलीला १००३ हे क्रमांक मिळाले. यंत्र अंतर्यामी नावे नव्हे, तर हे क्रमांकच ओळखते, आणि प्रत्येक फाइलीवर मालक, गट व इतर अशा तीन वर्गांच्या हक्कांची नोंद ठेवते: वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २, चालवण्यासाठी १, आणि प्रत्येक वर्गासाठी यांची बेरीज. नव्या खात्याच्या मुख्य फोल्डरवर ७५० ही संख्या आढळली, म्हणजे मालकाला सर्वाधिकार, गटाला पाहण्यापुरता प्रवेश आणि इतरांना काहीही नाही; उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपूर्वी तेथे ७५५ असे, आणि त्यामुळे घरातील कोणालाही दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये सहज डोकावता येई.

खरा विचार करावा लागला तो सामायिक दप्तराचा. घरपट्टीच्या पावत्या, विम्याचे कागद व छायाचित्रे यांसाठी ‘कुटुंब’ नावाचा गट करून मी एक फोल्डर सर्वांच्या स्वाधीन केला. परंतु फाइल नष्ट करण्याचा हक्क त्या फाइलीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये असते त्यावर अवलंबून असतो, आणि म्हणून वडिलांनी केवळ वाचण्यासाठी ठेवलेला दस्तऐवजही तेथे लिहिण्याची मुभा असलेल्या कोणालाही काढून टाकता आला असता. यावर तोड म्हणून फोल्डरला ३७७० ही संख्या दिली: तीतील प्रारंभीच्या तिनामुळे नवी फाइल आपोआप ‘कुटुंब’ गटाकडे जाते आणि ती काढून टाकण्याचा अखत्यार तिच्या मालकाकडे, तसेच फोल्डरच्या मालकाकडे, राहतो. पत्र उघडून वाचू देणे निराळे आणि ते फाडू देणे निराळे, हा विवेक यंत्राच्या रचनेतच अंतर्भूत असावा, याचे मला फार समाधान वाटले.

तथापि या साऱ्या तजविजीला एक सीमा आहे: ती संगणकाच्या कारभाऱ्यापाशी, म्हणजे माझ्यापाशी, येऊन थांबते. मुलीने आपला पासवर्ड टंकला, तेव्हा पडद्यावर एक ठिपकाही उमटला नाही, आणि पासवर्डांसाठीच्या ‘शॅडो’ फाइलीत त्याचे मूळ रूप नव्हे, तर गणिती ठसा तेवढा साठवला गेला, जो वाचून मूळ शब्द मलाही उमगणार नाही. परंतु कारभाऱ्याचे सर्वाधिकार देणाऱ्या ‘सुडो’ या हुकुमाच्या साहाय्याने तो पासवर्ड बदलणे, किंवा तिचा फोल्डर थेट उघडणे, मला कधीही शक्य आहे. माझा प्रत्येक असा हुकूम नोंदवहीत उतरतो खरा, पण ती वहीही माझ्याच अखत्यारातली.

म्हणून रोजच्या कामासाठी मी स्वतःला एक साधे खाते घेतले, कारभाराचे खाते केवळ देखभालीपुरते राखून ठेवले, आणि मुलीने आपल्या खात्यात दैनंदिनी लिहिण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच माझी ही सत्ता तिला स्पष्ट शब्दांत सांगितली. ज्याच्या हाती सर्व दारे उघडण्याची शक्ती आहे, त्याने ती शक्ती ज्यांच्यावर चालते त्यांना आगाऊ विदित करावी. एरवी अधिकारांची वाटणी कितीही काटेकोर असली, तरी तिला घरातील विश्वासाचा पाया लाभत नाही.