एंजिनाचा दातेरी पट्टा : केव्हा व कोठे बदलावा

मोटारीचे बहुतेक भाग बिघडू लागले म्हणजे त्याची सूचना आधी देतात. ब्रेकचे अस्तर झिजले की करकर ऐकू येते. बॅटरी अशक्त झाली की एंजिन सुरू व्हायला वेळ लागतो. रेडिएटर गळू लागला की तापमानाचा काटा वर चढतो. टायमिंग बेल्ट या नावाने गॅरेजमध्ये ओळखला जाणारा दातेरी पट्टा मात्र या नियमाला अपवाद आहे. तो बहुधा शेवटच्या क्षणापर्यंत आपले काम चोख बजावतो आणि मग एकाएकी तुटतो. तुटल्यानंतर केवळ नवा पट्टा घालून काम भागेल अशी खात्री नसते. कित्येकदा सगळे एंजिन उघडावे लागते. यामुळे हा पट्टा बिघडल्यावर नव्हे, तर बिघडण्यापूर्वी बदलावयाचा असतो. तो केव्हा व कोठे बदलावा हे समजण्यासाठी त्याचे कार्य प्रथम पाहिले पाहिजे.

पट्ट्याचे कार्य

मोटारीच्या एंजिनातील प्रत्येक दट्ट्या चार धावांत आपले एक चक्र पुरे करतो. पहिल्या धावेत हवा आत ओढली जाते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत इंधनाच्या ज्वलनाने दट्ट्या खाली लोटला जातो व चौथीत जळालेला वायू बाहेर टाकला जातो. हवा आत घेणाऱ्या व वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा नेमक्या वेळी उघडल्या व मिटल्या तरच हे चक्र चालते. दट्ट्याची हालचाल भुजादंडाशी, म्हणजे क्रँकशाफ्टशी जोडलेली असते. झडपांची उघडझाप कॅमदंड करतो. भुजादंडाच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमदंडाची एक फेरी झाली पाहिजे. हा मेळ राखण्याचे काम दातेरी पट्टा करतो. कॅमदंडावरील चक्राला भुजादंडावरील चक्राच्या दुप्पट दाते असतात आणि पट्ट्याचे दाते या दोन्ही चक्रांच्या खाचांत बसतात. त्यामुळे पट्टा घसरत नाही.

या कामाचा वेग लक्षात घेण्यासारखा आहे. भुजादंड मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. झडप पूर्ण उघडली म्हणजे ती सिलिंडरच्या आत उतरते. थोड्याच वेळाने त्याच जागी दट्ट्या येतो. पुष्कळ एंजिनांत एकच जागा दोघे आळीपाळीने वापरतात, आणि त्यांची गाठ पडू न देणे ही जबाबदारी पट्ट्याची असते.

पट्टा तुटला की कॅमदंड जागीच थांबतो. भुजादंड मात्र आपल्या गतीमुळे, आणि गाडी गिअरमध्ये असल्यास चाकांच्या रेट्यामुळे फिरत राहतो. उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्टे आदळतात व झडपा वाकतात. प्रसंगी दट्ट्यांनाही इजा होते. डिझेल एंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून दट्ट्याच्या डोक्यावर जागा अगदी थोडी उरते आणि असा आघात जवळजवळ अटळ ठरतो. काही पेट्रोल एंजिनांत पुरेशी मोकळी जागा असते. तेथे पट्टा तुटल्यास एंजिन बंद पडते, पण नुकसान होत नाही. आपले एंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हे जाणकार कारागिराला विचारून घ्यावे.

रबर एंजिनात कसे आले

भारतातील जुन्या मोटारींच्या मालकांना या पट्ट्याची ओळख नव्हती. जुन्या अँबॅसडरच्या व प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल एंजिनांत कॅमदंड खाली, भुजादंडाच्या जवळच असे व दोहोंना एक आखूड साखळी जोडीत असे. पुढे अधिक वेगाने फिरणाऱ्या एंजिनांसाठी कॅमदंड वर, झडपांच्या माथ्यावर नेण्यात आला. दोन दंडांतील अंतर वाढले. लांब साखळी जड असते, आवाज करते आणि तिला सतत तेल लागते. रबराचा दातेरी पट्टा हलका, निःशब्द व स्वस्त असतो आणि कोरडाच चालतो. पश्चिम जर्मनीतील ग्लास या कंपनीने १९६२ साली विक्रीस आणलेल्या १००४ या मोटारीपासून अशा पट्ट्याचा मोटारीतील वापर मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर हा पट्टा हजारो मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. १९९८ मध्ये आलेल्या सँट्रो व इंडिका या मोटारींतही तो होता.

सर्वच मोटारींत तो असतो असे मात्र नाही. मारुतीच्या २००८ पासून आलेल्या के मालिकेतील एंजिनांत साखळी आहे, आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीत झडपाच नसल्याने पट्ट्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा आपल्या मोटारीत पट्टा आहे की साखळी, हा मालकाने विचारावयाचा पहिला प्रश्न होय. साखळी सैल झाली की बहुधा खडखडते. पट्टा असा इशारा देईलच असे नाही. थंडीत सकाळी ऐकू येणारी किंचाळी सामान्यतः बाहेरच्या, जनित्र फिरविणाऱ्या पट्ट्याची असते. तो बदलून टायमिंग बेल्ट बदलल्याचे समाधान मानणे ही नेहमी होणारी गल्लत आहे.

केव्हा बदलावा

पट्ट्याची मुदत निर्माता ठरवितो व ती गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेली असते. ती एंजिनागणिक वेगळी असते. अनेक एंजिनांत ती ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांच्या दरम्यान, तर काहींत त्याहूनही अधिक असते. किलोमीटरांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते, आणि या दोहोंपैकी जी आधी भरेल ती मानावयाची असते. वर्षांकडे लोकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पट्ट्याच्या पोटात काचतंतूंचे दोरे असतात, अंगावर कृत्रिम रबर व दातांवर नायलॉनचे कापड असते. उष्णतेने रबर कडक होते व त्याला बारीक चिरा पडतात. गाडी उभी असली तरी त्याचे वय वाढतच असते. एखादा सेवानिवृत्त गृहस्थ वर्षाला ५,००० किलोमीटर गाडी चालवीत असेल, तर १,००,००० किलोमीटर भरायला त्याला वीस वर्षे लागतील. पट्टा तेवढी वाट पाहणार नाही. उलट, रोज २०० किलोमीटर व वर्षातून ३०० दिवस धावणारी टॅक्सी तेच अंतर वीस महिन्यांत कापते.

अंतर मोजणारे यंत्र आणखी एका बाबतीत फसवे ठरते. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने १,००,००० किलोमीटर जाण्यास एंजिन २,००० तास चालते. शहराच्या गर्दीत सरासरी २० किलोमीटर पडली, तर तेच अंतर कापण्यास ५,००० तास लागतात. चौकाचौकांत थांबलेल्या गाडीचे आकडे हलत नाहीत, पण पट्टा फिरतच असतो. उन्हाळ्याची धग, धूळ व सतत ओझे यांचाही परिणाम होतो. याकरिता अनेक पुस्तिकांत कठोर वापरासाठी वेगळी, आखूड मुदत दिलेली असते. भारतातील पुष्कळशा मोटारींचा वापर या कठोर वर्गातच मोडतो.

मुदत भरण्यापूर्वीही पट्टा बदलावा असे काही प्रसंग आहेत. एंजिनाचे तेल किंवा रेडिएटरचे पाणी गळून पट्ट्यावर आले असेल, तर गळती थांबवून पट्टा नवा घालावा. काही अलीकडच्या एंजिनांत पट्टा मुद्दाम तेलातच फिरतो, पण तो त्यासाठी खास बनविलेला असतो; तेथे निर्मात्याने सांगितलेलेच तेल वेळच्या वेळी घालणे हे पट्ट्याच्या आयुष्यासाठी आवश्यक असते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा पट्टा तपासल्यावाचून एंजिन सुरू करू नये. जुनी गाडी विकत घेताना पट्टा बदलल्याचे बिल मिळाले नाही, तर तो बदललेला नाही असेच समजावे. मनालीहून लेहला किंवा जैसलमेरच्या वाळवंटाकडे जावयाचे असेल आणि मुदत जवळ आली असेल, तर हे काम निघण्यापूर्वीच उरकावे.

कोठे बदलावा

या कामासाठी निर्मात्याचे अधिकृत सेवा केंद्र, चांगले खाजगी गॅरेज आणि रस्त्याकडेचा कारागीर असे तीन मार्ग असतात. निवड पाटीवरून करू नये, साधनांवरून करावी. पट्टा उतरविताना भुजादंड व कॅमदंड आपल्या खुणांवरून हलता कामा नयेत. कित्येक एंजिनांत त्यासाठी विशिष्ट खिळा अथवा पकड लावावी लागते. बोल्ट ठराविक जोराने आवळण्यासाठी मोजपट्टी असलेला पाना, म्हणजे टॉर्क रेंच लागतो. पट्ट्याचा ताण अंदाजाने नव्हे, सांगितलेल्या पद्धतीनेच ठेवावा लागतो. पट्टा एक दात जरी चुकून बसला तरी झडपांची वेळ बिघडते. ही साधने जवळ असलेला आणि त्याच एंजिनाचे काम नेहमी करणारा खाजगी कारागीर अधिकृत केंद्राइतकाच विश्वासार्ह असू शकतो. लहान गावात टॅक्सीवाले आपल्या गाड्या कोठे नेतात, याची चौकशी उपयोगी पडते. हमीची मुदत चालू असलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र हमीच्या अटी आधी वाचाव्यात.

नुसता पट्टा बदलणे ही खोटी काटकसर होय. त्याला ताण देणारी व वळण देणारी चाके त्याच्याइतकीच फिरलेली असतात. त्यांचे बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही तुटतो. काही एंजिनांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो. तेथे तोही त्याच वेळी बदलणे हिताचे असते, कारण नंतर पंप गळाल्यास सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. दंडांची तेलसीलेही पाहून घ्यावीत.

सुटे भाग स्वतः आणावयाचे झाल्यास दिल्लीचे काश्मीरी गेट, कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट्टै किंवा बंगळूरचा जे. सी. रोड अशा नामांकित बाजारपेठा आहेत. तथापि भागाचा क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहावा, पक्के बिल घ्यावे आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेला किंवा घडी पडलेला पट्टा नाकारावा. घडीने आतील काचतंतू मोडतात व ती इजा वरून दिसत नाही. काम झाल्यावर कारागिराने एंजिन लगेच स्टार्टरने सुरू न करता भुजादंड हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहावे. मालकाने समोर उभे राहून एवढे पाहिले, तरी पुरे.

वाटेत पट्टा तुटलाच, तर एंजिन एकदम बंद पडते. ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळात संपते व स्टिअरिंग जड होऊ शकते. अशा वेळी क्लच दाबून, वेग असेपर्यंत गाडी कडेला घ्यावी. त्यानंतर स्टार्टर पुन्हा फिरवून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढण्याचा संभव असतो. गाडी ओढूनच न्यावी.

पट्टा बदलल्यावर तारीख, त्या दिवशीचा किलोमीटरांचा आकडा आणि बदललेल्या भागांची नावे पुस्तिकेत लिहून ठेवावीत. एंजिनाजवळ एक चिठ्ठीही डकवावी. पुढील मुदत या नोंदीवरूनच कळते, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर त्या नव्या मालकाला तिच्याखेरीज दुसरा आधार नसतो.