दुपारची खा-खा : आजारातून उठल्यावरचे खाणे

दातिवऱ्याच्या एका आईने आमच्याजवळ काळजी बोलून दाखवली. मुलगी शिकायला बाहेर राहत होती. तिथे तिने जेवण टाकले. वजन उतरले, पाळी थांबली. डॉक्टर झाले, समुपदेशन झाले, हळूहळू ती सावरली. आता पावसाळ्यात घरी आहे. आई म्हणते, "आधी घास उतरत नव्हता, आता दुपारभर डबे उघडते. फरसाण, बिस्किटे, उरलेला भात, काही सोडत नाही. मग रडत बसते. म्हणते, वर्षावासात अष्टशील धरते, दुपारनंतर खाणारच नाही. धरू द्यावे का?"

आमचे उत्तर आधीच सांगतो : सध्या धरू देऊ नये. का, ते समजून घेऊ.

ही हाव नव्हे

बराच काळ उपाशी राहिलेले शरीर जेवण सुरू होताच लगेच शांत होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. दिवसभर त्यांच्या मनात अन्नाशिवाय काही येईना; काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावरही अनेकांची भूक भागेना. पोट गच्च भरले तरी आणखी खावेसे वाटे, आणि काहींचे असे कित्येक महिने चालले. या तरुणांना खाण्याचा कोणताही विकार नव्हता. उपासमारच त्याला कारण होती.

म्हणून आजारातून उठलेल्या मुलीला खा-खा सुटली तर "जिभेवर ताबा नाही" असे म्हणू नये. बऱ्याच वेळा शरीर जुनी तूट भरून काढत असते.

आमच्या घरांत आणखी एक अडचण आहे. आजी-आजोबांनी खरी उपासमार पाहिली आहे. त्यांना नातीने ताट सरकवणे म्हणजे नखरे वाटतात आणि येता-जाता खाणे म्हणजे निर्लज्जपणा. त्यांचा दोष नाही, पण दोन्ही वेळा मुलीच्या वाट्याला बोलणीच येतात. मग ती लपून खाऊ लागते.

भूक की कंटाळा?

पावसाळ्यात दातिवऱ्याचा दिवस लांबतो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाहेर सतत पाऊस, मध्येच वीज जाते. कॉलेजला सुट्टी असेल तर दुपार सरता सरत नाही. अशा वेळी हात आपोआप डब्याकडे जातो. खाण्याने थोडा वेळ बरे वाटते, मन गुंतते. असे कोणाचेही होते. पण आजारातून उठलेली व्यक्ती त्यानंतर घाबरते, पुढचे जेवण टाकते, संध्याकाळी भूक भडकते आणि पुन्हा जास्त खाल्ले जाते. हे चक्र तोडायचे असेल तर जेवण टाकणे आधी थांबले पाहिजे.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि साध्या भाकरी-आमटीनेही भागते. कंटाळ्याची भूक एकदम येते आणि तिला बहुधा ठरावीक चटकदार वस्तूच हवी असते. मात्र या आजारात शरीराची भुकेची खूण काही काळ बिघडलेली असते. म्हणून शंका आली तर खावे, आणि सुरुवातीचे काही महिने घड्याळावर भरवसा ठेवावा.

घरी काय करता येईल

१. तीन जेवणे आणि मधली दोन खाणी ठरलेल्या वेळी घ्यावीत. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नको. सकाळी चहाबरोबर भाकरी किंवा पोहे, दुपारी भात, आमटी, भाजी किंवा सुकटीचे कालवण, चार वाजता चणे-शेंगदाणे, केळे किंवा उकडलेले अंडे, रात्री पुन्हा पूर्ण जेवण. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी डबा बरोबर न्यावा. नुसत्या चहावर पाळी काढली की घरी आल्यावर जास्त खाल्ले जातेच.

२. फरसाण घरातून हद्दपार करू नका. बंदी घातलेली वस्तूच डोक्यात घोळते. हवे तेवढे ताटलीत काढून, बसून, चार माणसांत खावे. पिशवीत हात घालून मोबाईल बघत खाल्ले की किती खाल्ले ते कळत नाही.

३. वेळेवर जेवण झालेले असूनही खावेसे वाटले, तर दहा-पंधरा मिनिटे हाताला काम द्यावे : जाळे विणणे, शिवण, लहान मुलांचा अभ्यास घेणे, मैत्रिणीला फोन. खाण्याची ओढ भरतीसारखी चढते आणि ओसरते. तरीही खावेसे वाटले तर खावे. त्यात हरण्यासारखे काही नाही.

४. जास्त खाल्ले गेले तर पुढचे जेवण टाकू नये, उलटी काढू नये, जुलाबाचे औषध घेऊ नये. पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढेच.

५. "सुटलीस", "वाळलीस", "आता कशी भरलीस" यांतले काहीच घरच्यांनी बोलू नये. वजन डॉक्टरांकडे गेल्यावर बघावे.

अष्टशीलाचे काय?

श्रद्धेने अष्टशील पाळणाऱ्यांचा आम्हांला आदरच आहे. पण या आजारातून उठलेल्याला दुपारनंतरचा उपवास पुन्हा त्याच वाटेवर नेऊ शकतो. अपराधी वाटल्याने उपवास धरला असेल तर नक्कीच. विनयातही आजाऱ्याचा विचार आहे. महावग्गात सांगितले आहे की, शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश आणि निस्तेज झाले, तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची परवानगी दिली. आधी ती फक्त योग्य वेळेपुरती होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा दुपारनंतरही घेण्याची मोकळीक दिली. स्वतः सिद्धार्थांनीही देह झिजवणारी तपश्चर्या सोडून सुजाताची खीर स्वीकारली होती. तेव्हा मुलीने पंचशील पाळावे, वंदनेला बसावे, विहारात वाचनाची जबाबदारी घ्यावी. भन्तेजींना तब्येत मोकळेपणाने सांगावी. रिकामी दुपारही त्यामुळे भरेल.

डॉक्टरांकडे केव्हा?

आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, स्वतःला आवरता न येता खूप खाल्ले जात असेल तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. उलट्या काढणे, जेवण टाकणे, वजन पुन्हा उतरणे, पाळी थांबणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर तीन महिने थांबू नका. आधीच्या डॉक्टरांना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. जीव नकोसा झाल्याचे मुलगी बोलली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते. मराठीतही बोलता येते.

त्या आईला आम्ही एवढेच सांगितले : ताई, चार वाजता तिच्याबरोबर चहाला बसा. दोन ताटल्या घ्या, एक तुमचीही. डब्यांवर पहारा ठेवण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.