घोडा, तीन माणसे आणि आपले लेकरू

लग्नसराईत ओझरच्या आमच्या वस्तीतून वरात निघाली की एक पोर आईच्या कडेवरून घोडीकडे टक लावून बघत असते. वय सात वर्षे, तरी कडेवरच. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, पाठ धरत नाही. बाप विमान कारखान्यात कंत्राटी कामाला, आई द्राक्षबागेत मजुरीला. आम्ही तिला म्हणालो, ‘ताई, घोड्यावर बसवूनही अशा मुलांना व्यायाम देतात.’ ती म्हणाली, ‘गरिबाची चेष्टा करता का, भाऊ?’

चेष्टा नव्हे. घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते. माणूस चालताना त्याची कंबर हलते, जवळजवळ तशीच. जे मूल कधी चाललेच नाही, त्याच्या कमरेला असा चालण्याचा अनुभव मिळतो. तोल सावरताना पाठीचे-पोटाचे स्नायू आपोआप कामाला लागतात. घोड्याचे अंग आपल्यापेक्षा किंचित गरम. त्या उबेने ताठरलेल्या मांड्या सैल पडतात. मूल बरे होऊन धावू लागेल असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नका. बसण्याचा तोल सुधारू शकतो, एवढेच. पण ज्या आईने सात वर्षे लेकरू उचलले, तिला विचारा ‘एवढेच’ म्हणजे किती ते!

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत बळ राहिले नाही. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागे. तरी त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचे रौप्यपदक जिंकले. त्यांनी पदक मिळवलेल्या त्या ड्रेसाज प्रकारात तोपर्यंत फक्त लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघात अधिकारी नसलेला एक स्वार होता, म्हणून त्या संघाचे सुवर्णपदक पुढे काढून घेतले गेले! घोड्यावर कोणी बसायचे, हा हट्ट तिकडेही होता तर. इकडचे आपल्या वाचकांना सांगायला नको. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला वरातीसाठी न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०१८ मध्ये ती वरात पोलीस बंदोबस्तात निघाली.

हार्टेल यांचे पाहून ब्रिटनमध्ये अपंगांसाठी घोडेस्वारीचे गट निघाले. १९६९ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. हे गट मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. एका मुलामागे बहुधा तीन माणसे लागतात : एक घोडा धरून पुढे चालतो, दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला सांभाळतात. आमचे लक्ष इथेच अडकले. घोडा महाग, शिकवणारा महाग, पण चालणारी माणसे? ती आपल्याकडे कमी आहेत काय? जयंतीची मिरवणूक उन्हातान्हात सांभाळणारी पोरे आठवड्यातून अर्धा तास एका लेकराशेजारी चालू शकणार नाहीत? वाघाडच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचावे म्हणून याच ओझरच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणीवापर संस्था काढल्या. एकट्याने ते झाले नसते.

म्हणून वरातीची घोडी आणून उद्याच मुलांना बसवा, असे आम्ही म्हणत नाही. शांत, शिकवलेला घोडा हवा आणि या कामाचे शिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट हवा. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. खुबा निखळलेला असेल किंवा फिट आटोक्यात नसतील तर बसवू नये. डाऊन सिंड्रोमच्या मुलांची मान आधी तपासून घ्यावी लागते. डोक्याला हेल्मेट हवेच. आणि पडू नये म्हणून मुलाला खोगिराला बांधणे हा तर सर्वांत मोठा धोका. घोडा पडला तर मूल त्याच्याखाली जाते.

नाशिकला पोलीस अकादमीत घोडे आहेत, स्वारी शिकवणारे आहेत. तरुण मंडळांनी, महिला मंडळांनी मिळून तिथे रीतसर अर्ज करून विचारायला काय हरकत आहे? अर्जासोबत वस्तीतील अपंग मुलांची यादी जोडावी. यादी करताना ज्यांच्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही त्यांचे कागद आधी करून घ्यावेत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची सोय आहे. त्या ताईला हे ठाऊक नव्हते. तिचा फॉर्म आम्ही परवा भरून दिला; घोड्याच्या अर्जावर पहिला अंगठा तिचा आहे.