कृतज्ञतेची वही

कुंभकोणम् हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले नगर. देवळांसाठी, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वासाठी, विड्याच्या पानांसाठी आणि पितळी भांड्यांसाठी ते सर्व दक्षिणेत प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसले राजांचा अंमल या प्रदेशावर सुमारे सव्वाशे वर्षे होता, त्यामुळे मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. या नगराहून तिरुवारूरच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर नाच्चियारकोविल नावाचे गाव लागते. तेथे समया ओततात. कावेरीच्या पात्रातील बारीक, चिकट मातीचा साचा करावयाचा, त्यात वितळलेले पितळ ओतावयाचे, आणि मग निवालेली समई कानशीने घासून, कातून, झळाळी देऊन उभी करावयाची, असा हा व्यवसाय पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे.

या व्यवसायातील एक गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. वय चाळिशीचे, हात कसबी; परंतु गेली कित्येक वर्षे सकाळी त्या हातांना कंप सुटतो आणि दोन घोट पोटात गेल्यावाचून तो कंप थांबत नाही. ओतकाम हे स्थिर हाताचे काम. मूस धरलेला हात थरथरला तर समई जाते आणि कधी कधी पायही भाजतो. असा मनुष्य एके दिवशी दारू सोडतो. त्याला जर कोणी सांगितले, "बाबा रे, रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिही, आज तुझ्यासाठी कोणी काय केले ते लिही," तर तो काय म्हणेल? बहुधा तो हसेल. ज्याच्या डोक्यावर सावकाराचे देणे, ज्याच्याशी बायको धड बोलत नाही आणि ज्याला गावात कोणी काम देत नाही, त्याने आभार कोणाचे आणि कशाबद्दल मानावयाचे? प्रश्न रास्त आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे अनुभवी लोक तरीही ही वही घालावयास का सांगतात, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम एक सावधगिरीची गोष्ट. पुष्कळ वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, घरच्या घरी दारू बंद करणे हे धोक्याचे असते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच घाम, मळमळ, हातांचा कंप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना भ्रम होऊन नसलेल्या वस्तू दिसू लागतात. त्या अवस्थेत मृत्यूही ओढवतो. त्या वेळी वैद्यकीय देखरेख लागते, औषधे लागतात, ब जीवनसत्त्वांपैकी थायामिन द्यावे लागते. कृतज्ञता हे या रोगावरचे औषध नव्हे. रोगी उठून बसल्यानंतरच्या लांबलचक दिवसांसाठी ती आहे.

आणि खरी कसोटी त्या लांबलचक दिवसांचीच असते. शरीरातून दारू गेली तरी मेंदूला लागलेले वळण जात नाही. वर्षानुवर्षे दारूने दिलेल्या तीव्र सुखाची सवय झालेल्या मेंदूला साध्या गोष्टींचे सुख काही आठवडे, कधी काही महिने जाणवतच नाही. ताज्या फिल्टर कॉफीचा वास, मुलीचे हसणे, पहिल्या पावसाने भिजलेले अंगण, हे सारे समोर असून मन कोरडेच राहते. अशा माणसाला "आनंदी राहा" असे सांगणे म्हणजे ज्वर असलेल्याला "जेवण गोड लागू दे" असे सांगण्यासारखे आहे. मनाला गोडी वाटत नाही, पण हाताला लिहिता येते. वहीची युक्ती या एवढ्याशा फटीतून आत शिरते.

'कृतज्ञता' हा शब्दच येथे मदतीला येतो. आपण तो गहिवराच्या अर्थाने वापरतो. वस्तुतः त्याचा धात्वर्थ फार कोरडा, जवळजवळ हिशेबनिसाचा आहे. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जाणतो तो कृतज्ञ. तमिळ भाषेत तिरुक्कुरळ या प्राचीन ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणाचे नाव 'सेय्नन्ऱि अऱिदल्' असे आहे, आणि त्याचाही अर्थ तोच: केलेले उपकार जाणणे. त्याच ग्रंथाचे त्र्याण्णवावे प्रकरण मद्य न पिण्याविषयी आहे. साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या, म्हणजे कुंभकोणम्हून वर कावेरीकाठीच असलेल्या नगराच्या तुरुंगात असताना तमिळचा अभ्यास केला आणि हा ग्रंथ मराठीत आणला. दोन्ही भाषांनी 'वाटणे' न म्हणता 'जाणणे' म्हणावे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण वाटणे आपल्या हाती नसते. जाणण्याचा प्रयत्न मात्र करता येतो.

दारू जे पहिल्यांदा नष्ट करते ते हे जाणणेच होय. येथे नीतीचा प्रश्न बाजूला ठेवू. ही अगदी शारीरिक गोष्ट आहे. अतिशय प्यालेल्या माणसाच्या मेंदूत त्या रात्रीची स्मृती उमटतच नाही. आपल्याला रस्त्यावरून कोणी उचलून आणले, पायातल्या चपला कोणी काढल्या, उलटी कोणी पुसली, हे त्याला खरोखरच ठाऊक नसते. उलट पत्नीचे सकाळचे कडवट शब्द मात्र तो शुद्धीवर असताना ऐकतो, आणि ते स्मरणात राहतात. अशी दहा वर्षे गेली की त्याच्या मनातील संसाराच्या खातेवहीत सगळी नावे एकाच बाजूला पडलेली असतात: अमक्याने अपमान केला, तमक्याने पैसे बुडविले, घरची सदा करकर करते. लोकांनी केलेले त्या वहीत कोठेच नसते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळाची स्थापना १९३५ साली अमेरिकेत झाली. १९३९ साली त्यांनी आपला जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात मद्यप्याच्या शत्रूंमध्ये मनात धरून ठेवलेल्या आकसाला अग्रस्थान दिले आहे, आणि आपल्या बारा पायऱ्यांत रोजच्या आत्मपरीक्षणाला एक स्वतंत्र पायरी दिली आहे. हे लिहिणारे स्वतः पिऊन उद्ध्वस्त झालेले लोक होते. आकस म्हणजे पिण्याचे तयार निमित्त, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

तेव्हा आपल्या ओताऱ्याच्या वहीत काय असावे? 'ईश्वराची कृपा' असे रोज लिहिणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते फारसे उपयोगाचे नाही. चौथ्या दिवशी ते वाक्य हात आपोआप लिहितो आणि मन दुकानाकडे जाते. ओळ बारीक हवी, त्या दिवसाची हवी, आणि शक्य तेथे तीत माणसाचे नाव हवे. 'आज मूस उचलताना हात कापला नाही.' 'शेजारच्या भट्टीवाल्याने न मागता कोळसा दिला.' 'धाकटीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. काही बोलली नाही, पण आणून ठेवला.' अशी ओळ लिहावयाची तर दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात. संध्याकाळी लिहावयाचे आहे म्हणून माणूस दुपारी पाहू लागतो. लाभ मुख्यतः या पाहण्यात आहे. लिहिणे हे त्याचे निमित्त.

वेळही संध्याकाळचीच का, हे सहज कळण्यासारखे आहे. तामिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारी महामंडळाकडे आहे. त्याच राज्याचा दारूबंदीचा इतिहासही मोठा आहे. १९३७ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने सेलम जिल्ह्यात बंदी आणली. पुढे ती सर्वत्र झाली, १९७१ मध्ये उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. बंदी असावी की नसावी हा वाद येथे करावयाचा नाही. दारू सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने एवढेच खरे की काम सुटते, अंधार पडू लागतो, नाच्चियारकोविलच्या समया घरोघरी लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पायांना जुनी वाट आठवते. तो अर्धा तास कशाने तरी भरून काढावा लागतो.

या वहीविषयी शास्त्रीय तपासणीही झाली आहे. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत काहींनी लाभलेल्या गोष्टींची आणि काहींनी त्रासाच्या गोष्टींची टिपणे ठेवली होती, आणि पहिल्या गटाची मनःस्थिती एकंदरीत बरी आढळली. पण ते मद्यपी नव्हते. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांवर अमेरिकेतील एमी क्रेंट्झमन यांनी काम केले. उपचार घेणाऱ्या २३ जणांच्या एका छोट्या अभ्यासात, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहून त्या का घडल्या याचा विचार करावयास काही जणांना सांगण्यात आले होते. १४ दिवसांत त्यांच्या मनातील त्रासदायक भावना कमी झाल्या. वाढला तो उत्साह नव्हे, तर निवांतपणा. २३ ही संख्या लहान आहे आणि तीवर मोठी इमारत बांधता येणार नाही. तथापि ज्याने आयुष्यभर उसळत्या सुखाचा पाठलाग केला, त्याला निवांतपणा मिळावा, हे फळ त्याच्या रोगाला नेमके जुळणारे आहे.

त्याच विदुषींचा २०१७ सालचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. उपचारानंतर जे पिण्यापासून दूर होते, त्यांच्यात कृतज्ञता जितकी अधिक तितकी पुढची निर्व्यसनता अधिक टिकली. परंतु जे अद्याप वारंवार पीत होते, त्यांच्यात उलटच आढळले: कृतज्ञता अधिक, तर पुढे निर्व्यसनता कमी. हे प्रथम विचित्र वाटते. पण असलेल्यात समाधान मानावयास शिकविणारी वृत्ती असलेले टिकवून धरते; मग ते असलेले चांगले असो वा वाईट. पिता पिता 'देवाने बायको सहनशील दिली' असे म्हणणारा मनुष्य आपल्या प्रत्येक गावात सापडेल. त्याची कृतज्ञता खोटी असते असे नाही, पण ती त्याला ग्लासापाशीच बसवून ठेवते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सोडणे, मग वही.

आणखी एक अडचण व्यवहाराची आहे. उपकार जाणावयाचे तर उपकार करणारी माणसे भोवती हवीत; दूरच्या शहरातील रुग्णालयातून एकट्याने परतलेल्या रोग्याला ती मिळतातच असे नाही. या दृष्टीने याच भागातील, कुडवासलजवळच्या मंजक्कुडी या खेड्याचे नाव घेतले पाहिजे. शांती रंगनाथन यांचे पती मद्यपाशात गेले. त्या दुःखातून त्यांनी १९८० साली मद्रासमध्ये टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन ही उपचारसंस्था उभी केली. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मद्रासपर्यंत जाणे खेड्यातल्या मजुराला परवडत नाही, हे ओळखून त्या संस्थेने उपचारच खेड्यात नेले, आणि मंजक्कुडी हे त्या शिबिरांचे आरंभीचे ठिकाण. सुमारे पंधरा दिवसांचे शिबीर, गावातल्या लोकांचा हातभार, घरच्या माणसांनाही सामील करून घेणे, आणि शिबीर संपल्यावर कार्यकर्त्यांनी पुन्हा गावात येऊन विचारपूस करणे, अशी ही पद्धत. उपचारासाठी गावच राबते तेव्हा परतलेल्या माणसाला रोज चार ओळी सुचावयास अडचण पडत नाही. उपकारकर्ते बाजाराच्या रस्त्यावरच भेटतात. पुण्यास अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण सुरू केले, त्यालाही असाच माणसांचा गोतावळा लाभला. रोग्यांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, आणि त्याची गरज पुढील कारणासाठी फार आहे.

कृतज्ञतेची चर्चा करताना घरातल्या बाईला हळूच जाळ्यात ओढण्याची खोड समाजाला आहे. नवऱ्याने दारू सोडली, आता तिने आनंदी व्हावे, देवाचे आभार मानावे, मागचे काढू नये, असे शेजारी, सासरचे, प्रसंगी नवराही म्हणू लागतो. हा अन्याय आहे. दागिने तिचे गेले, मार तिने खाल्ला, रात्री जागून तिने काढल्या. तिचा विश्वास महिन्याभरात परत येणार नाही. येऊ नये असेही म्हणता येईल, कारण पुन्हा पिण्याचे प्रसंग पहिल्या वर्षात पुष्कळांवर येतात आणि तिला सावध राहणे भाग असते. तिच्या कडू शब्दाला उत्तर म्हणून वही पुढे करणे, 'बघ, मी तुझे नाव लिहिले आहे' असे म्हणणे, म्हणजे उपकार जाणण्याऐवजी नवा उपकार चढविणे होय. वही दाखविण्यासाठी नसते. तिच्यात 'पत्नीने आज जेवण वाढले' असे लिहिलेले असेल, तर त्याने दुसऱ्या दिवशी ताट स्वतः घासावे, आणि त्याबद्दलही काही बोलू नये.

सहाव्या-सातव्या महिन्यात एखाद्या संध्याकाळी वहीला काही सुचत नाही. काम मिळालेले नसते, सावकार येऊन गेलेला असतो, मुलगी शाळेतून रडत आलेली असते. अशा दिवशी ओढूनताणून गोड ओळ लिहू नये, असे जाणते लोक सांगतात. तारीख घालावी, त्या दिवशी प्यालो नाही एवढेच लिहावे, आणि जो कोणी सोबती आधी सुटलेला असेल त्याच्या घरी चालत जावे. तो बहुधा घरीच असतो. त्यालाही ती वेळ ठाऊक असते.