शंभर वाहिन्यांत हरवलेली मराठी

“फादर, आमची मराठी कोणी नेली?”

हा प्रश्न २०१९ सालच्या मार्च महिन्यात, इंदूर येथील विजय नगर भागात, एका वृद्ध बाईंनी आम्हांस विचारला. विचारताना त्यांनी भिंतीवरील दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे बोट दाखविले, म्हणून त्याचा अर्थ आम्हांस उमगला. नाही तर मराठी भाषेच्या भवितव्यावर एखादे प्रवचन झोडण्याचा मोह आम्हांस खचित झाला असता.

उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. काही कामानिमित्त आमचे इंदूरला जाणे झाले आणि आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात दोन दिवस मुक्काम घडला. कुटुंब मूळचे वसईकडचे. मुलाची नोकरी इंदुरात; वडील वारल्यावर त्याने आईस गावाकडून आपल्याजवळ आणले. विजय नगर ही इंदूरची नवी, रुंद रस्त्यांची वस्ती. आग्रा-मुंबई मार्ग तिच्या कडेने जातो, आणि “हाच रस्ता सरळ मुंबईला जातो ना?” असे आजी अधूनमधून विचारतात, असे सूनबाईंनी आम्हांस हळूच सांगितले. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी माणसांची वस्ती आहे, आणि २००१ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते. पण जुन्या शहरातील मराठी घरे वेगळी आणि विजय नगरातील चौथा मजला वेगळा. शेजारी पंजाबी, समोर मारवाडी, खाली हिंदी भाषिक. ज्या बाईंनी उभे आयुष्य विहिरीवर, शेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर बोलण्यात घालविले, त्यांना दिवसभर बोलायला कोणी नाही. दुपारची एक मालिका आणि संध्याकाळच्या मराठी बातम्या एवढाच त्यांचा गावाशी संबंध उरला होता. वसईत पाऊस किती पडला हे त्यांना बातम्यांतून कळे, आणि मग त्या मुलाला फोन करून वाडीतल्या केळींची चौकशी करावयास लावीत.

तो संबंध फेब्रुवारीत एके दिवशी अकस्मात तुटला. वाहिनीच्या जागी पाटी आली : आपण या वाहिनीचे वर्गणीदार नाही.

काय घडले होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण गावोगावच्या आपल्या कुटुंबांनाही तोच अनुभव आला आहे. पूर्वी केबलवाला महिन्याला ठरावीक रक्कम घेई आणि दोनशे-तीनशे वाहिन्या घरात सोडून देई. त्यांपैकी कोणती कितीला पडते हे ग्राहकास ठाऊक नसे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्यास सर्वजण ट्राय म्हणतात, २०१७ साली नवे नियम केले आणि न्यायालयीन वाद मिटल्यानंतर १ फेब्रुवारी २०१९ पासून ते अमलात आणले. नियमांचा हेतू चांगला होता, हे आम्ही प्रथमच नमूद करतो. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत तिच्या मालकाने जाहीर करावी, आणि ग्राहकाने हवी तेवढीच वाहिनी घ्यावी व तेवढ्याचेच पैसे द्यावेत. पहिल्या शंभर वाहिन्या घरापर्यंत पोहोचविण्याचे पायाभूत शुल्क त्या वेळी जास्तीत जास्त १३० रुपये ठरले. १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. शंभरांच्या पुढे दर पंचवीस वाहिन्यांस आणखी २० रुपये. स्पष्ट चित्राची, म्हणजे एच.डी. वाहिनी घेतली तर ती या मोजणीत दोन धरावयाची.

निवड करण्यास मुदत होती. पण लाखो घरांप्रमाणे या घरानेही निवड केली नाही. मुलगा सकाळी आठला जाई तो रात्री नऊला येई. सूनबाई मुलांच्या परीक्षेत गुंतलेल्या. आणि आजींना कोणी विचारलेच नाही. ज्यांनी निवडले नाही त्यांच्यासाठी कंपन्यांनीच सोयीस्कर संच ठरवावा, असे ट्रायने फेब्रुवारीच्या मध्यास सांगितले. तो संच ठरविताना ग्राहकाची पाहण्याची सवय, त्या भागातील भाषा आणि वाहिन्यांची लोकप्रियता ध्यानात घ्यावयाची होती. आता इंदूरची भाषा कोणती? हिंदी. झाले! कंपनीच्या गणकयंत्राने विजय नगरातील त्या घरास हिंदीचा संच बहाल केला. त्यात हिंदी मालिकांच्या वाहिन्या होत्या, चित्रपटांच्या होत्या, व्यापाराच्या भावांची एक होती, जी त्या घरात आजतागायत कोणी उघडली नसेल. चौथ्या मजल्यावर एक वसईची म्हातारी राहते, हे गणकयंत्राने कोणास विचारावयाचे?

शनिवारी दुपारी आम्ही सर्वांना टेबलाभोवती बसविले आणि एक कोरा कागद मधोमध ठेवला. प्रत्येकाने आपण खरोखर पाहतो त्याच वाहिन्यांची नावे लिहावीत, “कधीतरी पाहीन” अशी नको, एवढी एकच अट घातली. मुलाने बातम्यांची एक आणि क्रिकेटची दोन नावे लिहिली. मुलांनी कार्टूनच्या चार. सूनबाईंनी पाच लिहिल्या, मग एक खोडली. आजींच्या वतीने आम्ही लेखणी घेतली. त्यांच्या तीन झाल्या. सगळ्या मिळून चौदा. ज्या घरात आजवर तीनशेच्या वर वाहिन्या येत होत्या, त्या घराची खरी गरज चौदांची निघाली. मुलगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेस फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काय दाबावे हे यंत्राने सांगितले नाही. पुष्कळ वेळाने एक तरुण बोलू लागला. तो सभ्य होता, हे सांगितले पाहिजे. त्याच्यापुढे जे लिहून ठेवले होते तेच तो वाचीत होता. “सर, एकेक चॅनेल घेऊ नका, महाग पडेल. पॅक घ्या.” आम्ही म्हटले, पॅकमध्ये या घरास नको असलेल्या चाळीस वाहिन्या आहेत. तो म्हणाला, “सर, त्या पाहू नका.”

वाचकहो, या उत्तरात सगळे मर्म आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

आपल्या बाजारात मासळीचा वाटा लावलेला असतो. वर दोन ताजे पापलेट, खाली बारीकसारीक. तुम्हांस पापलेटच हवे असले तर कोळीण त्याची किंमत अशी सांगते की वाटा घेणेच परवडावे. पण बाजारात निदान मासळी हातात घेऊन पाहता येते, चार शब्द बोलता येतात, आणि नाहीच जमले तर पुढच्या पाटीकडे जाता येते. वाहिन्यांच्या वाट्यास या व्यापारात गुच्छ म्हणतात. नियम असा होता की १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी गुच्छात घालता येणार नाही. तेव्हा लोकप्रिय वाहिन्यांपैकी पुष्कळांनी आपली किंमत नेमकी १९ रुपये ठेवली. समजा, एका मालकाच्या चार वाहिन्या तुम्हांस हव्या आहेत आणि प्रत्येक १९ रुपयांची आहे. एकूण ७६ रुपये आणि वर कर. त्याच मालकाचा, त्या चार धरून पंधरा वाहिन्यांचा गुच्छ जर पन्नास रुपयांना मिळत असेल, तर कोणता शहाणा माणूस चार घेईल? सुट्या मालाची किंमत मुद्दाम चढवून ठेवावी आणि मग वाट्यावर मोठी सवलत जाहीर करावी. निवडीचा हक्क कागदावर शाबूत राहतो, पण तो वापरणाऱ्यास दंड पडतो.

हे ट्रायच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. गुच्छावरील सवलत १५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे कलम मूळच्या आदेशातच होते. मद्रास उच्च न्यायालयात २०१८ साली ते टिकले नाही. पुढे १ जानेवारी २०२० रोजी नियम सुधारले. गुच्छातील वाहिनीची मर्यादा १९ वरून १२ रुपयांवर आणली आणि १३० रुपयांच्या शुल्कात शंभराऐवजी दोनशे वाहिन्या देण्यास सांगितले. वाहिन्यांचे मालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात ती मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली, आणि गुच्छावर ४५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मोकळीक मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे नवे दर लागू होताच मालक आणि केबलवाले यांच्यात तंटा उभा राहिला, आणि करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण काही मोठ्या वाहिन्यांनी १८ तारखेस बंद केले. त्या वर्षी राखेचा बुधवार २२ फेब्रुवारीस आला होता. कित्येक घरांतील आवडत्या वाहिन्या त्या दिवशी बंदच होत्या. आम्ही राख लावीत असताना एका गृहस्थाने, यंदा उपवास केबलवाल्यानेच पाळायला लावला, असे म्हटले. आम्ही हसलो खरे, पण पैसे आगाऊ भरून बसलेल्या माणसाला त्या भांडणात कोणी विचारले नव्हते.

असो. विजय नगरातील टेबलाकडे परत येऊ. क्रिकेटच्या दोन वाहिन्या सर्वांत महाग पडत होत्या. त्या वर्षी उन्हाळ्यात विश्वचषक होता, म्हणून त्या सोडणे मुलास शक्य नव्हते. मात्र सामने संपल्यावर त्या बंद करावयाच्या, असे त्याने दिनदर्शिकेवर जुलैच्या पानावर आमच्या देखत लिहिले. पुष्कळ घरांत हेच विसरले जाते. एका स्पर्धेसाठी घेतलेली महागडी वाहिनी वर्षभर पैसे खात राहते, जसा लग्नात आणलेला मंडप कोणी परत नेलाच नाही तर भाडे चढत जावे.

आजींच्या मालिकेची मराठी वाहिनी सुटी घेतली. बातम्यांच्या वाहिनीस वेगळी किंमत नव्हती. फक्त शंभरांत तिला जागा हवी होती, आणि व्यापारभावांची वाहिनी उठवून ती जागा दिली. जी विनामूल्य आहे तीसुद्धा मागितल्याखेरीज येईलच असे नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तिसरी गोष्ट मात्र आम्हां सर्वांना लाजविणारी निघाली. रिमोटवर आकडे पुढे नेता नेता दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी लागली. दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या पायाभूत शंभरांतच असल्यामुळे ती त्या घरात पूर्ण वेळ होतीच. महिनाभर मराठी बंद म्हणून आजी उसासे टाकीत होत्या, आणि मराठी तेथेच, कोणी न उघडलेल्या आकड्यावर, बोलत बसली होती. घरातील दोघा शिकलेल्या माणसांना ती शोधण्यास पाच मिनिटे मिळाली नव्हती. मुलगा काही बोलला नाही. त्याने तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून रिमोटच्या पाठीस चिकटविला.

रात्री जपमाळ झाल्यावर आजींनी आम्हांस विचारले की, या पेटीसाठी कोणी संत आहे काय. आहे. पोप बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लारेस दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविले आहे. आजारपणामुळे नाताळच्या रात्री तिला देवळात जाता आले नाही, तेव्हा अंथरुणावर असतानाच तिला तेथील उपासना दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. याच पोप महाशयांनी ८ सप्टेंबर १९५७ रोजी चित्रपट, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांवर परिपत्रक काढले; दिल्लीत दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण त्यानंतर दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. क्लारेची गोष्ट आजींना फार आवडली. “तिलाही बाहेर जाता येत नव्हते तर,” एवढेच त्या म्हणाल्या.

आपल्या गावांतील घरांची स्थिती फार निराळी नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या खिशातून महिन्याला तीनशे-चारशे रुपये जातात आणि ते कशाचे जातात हे त्यास सांगता येत नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रायने पायाभूत शुल्कावरील कमाल मर्यादाही काढून टाकली. ते किती आकारावे हे आता कंपनी ठरविते आणि जाहीर करते. म्हणून जुना दर मनात धरून बसू नये, दर वेळी विचारावे. केबलवाला ओळखीचा असतो, बहुधा आपल्याच गावचा असतो, आणि त्यास हिशेब विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे असे आपल्या लोकांना वाटते. तसे मुळीच नाही. शुल्क किती, वाहिन्यांचे किती, कर किती, हे त्याने सांगितले पाहिजे, आणि प्रत्येक वाहिनी सुटी देण्यास तो बांधलेला आहे. तक्रार प्रथम कंपनीकडे करावी व तिचा क्रमांक लिहून घ्यावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ज्यांना मासिक खर्चच झेपत नाही त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ पासून ती चालू आहे. छत्री व पेटी एकदा विकत घ्यावी लागते, मग महिन्याची वर्गणी नाही. तिच्यावर सगळ्या आवडत्या मालिका मिळणार नाहीत हेही सांगून ठेवतो, नाही तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आम्हांस गाठून जाब विचारला जाईल.

इंदूरच्या त्या घरी मागील वर्षी आम्ही पुन्हा गेलो. मुले मोठी झाली आहेत आणि पेटीकडे फिरकत नाहीत. त्यांचे सर्व काही मोबाइलवर चालते, आणि तेथेही दर महिन्याच्या वर्गण्यांचे नवे गुच्छ लागले आहेत. कार्टूनच्या चार वाहिन्या मात्र तशाच चालू होत्या, आणि ही गोष्ट आजींच्याच ध्यानात आली होती. त्यांनी आपल्या प्रार्थनापुस्तकातून घडी घातलेला तो २०१९ चा कागद काढला, चष्मा लावला आणि त्या चार नावांवर बोट ठेवून मुलास म्हणाल्या, “फादर आलेत तोवर फोन लाव.”