अतिहलक्या विमानाचा उपकरणफलक : रचना व तारकाम

घरी बांधलेल्या अतिहलक्या विमानाचा उपकरणफलक म्हणजे हातभर रुंदीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात बसविलेली पाच-सात घड्याळवजा यंत्रे. पंख, सांगाडा व एंजिन यांच्या मानाने हे काम किरकोळ गणले जाते, आणि बहुधा शेवटी उरकले जाते. परंतु उड्डाणात वैमानिकाला विमानाविषयी जे कळते त्यातील पुष्कळसे या पत्र्यावरूनच कळते. आणि तेथील काटे जे दर्शवितात ते, काटेकोरपणे पाहता, त्यांनी मोजलेले नसते. वेगदर्शक वेग मोजीत नाही व उंचीदर्शक उंची मोजीत नाही. दोघेही हवेचा दाब मोजतात. तबकडीवरील आकडे हे त्या दाबाचे, काही गृहीते धरून केलेले भाषांतर होय. हे भाषांतर बिघडू नये, आणि बिघडलेच तर ते लपून राहू नये, अशा बेताने फलकाची रचना व तारकाम करावयाचे असते.

मुंबईत घरी विमान बांधणे ही केवळ कल्पनेतली गोष्ट नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले व नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. ते विमान अर्थातच अतिहलक्या वर्गातले नव्हे. अमेरिकेत १९८२ साली झालेल्या नियमांनुसार अतिहलके विमान म्हणजे एका आसनाचे, २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोग्रॅमहून, कमी रिकाम्या वजनाचे. एवढ्या लहान विमानात दोन किलोग्रॅमचा फलकही जड ठरतो; म्हणून कोणते उपकरण ठेवावयाचे यापेक्षा कोणते गाळावयाचे हा प्रश्न आधी येतो. वेगदर्शक, उंचीदर्शक, होकायंत्र, एंजिनाचे फेरे दाखविणारे यंत्र आणि एंजिनाच्या शिराचे तापमान दाखविणारे यंत्र, एवढ्यांना गाळता येत नाही. विमान आडवे घसरते आहे काय हे पाहण्यास मात्र उपकरणाची गरज नाही. समोरच्या काचेवर चिकटविलेला लोकरीचा वीतभर धागा ते काम चोख करतो.

वेगदर्शकास दोन नळ्या जोडलेल्या असतात. एकीचे तोंड समोरच्या वाऱ्याला उघडे असते. दुसरी आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब आणते. दोहोंतील फरकाने आतील पातळ धातूची डबी फुगते व काटा सरकतो. हा फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीस ताशी १०० किलोमीटर वेगाला तो पाण्याच्या सुमारे ४८ मिलिमीटर उंचीइतका असतो, पण ताशी ६० ला अवघा १७ मिलिमीटर. म्हणजे विमान वेग गमावून कोसळण्याच्या बेतात येते, नेमके तेव्हाच उपकरणाला हलविणारे बळ सर्वांत क्षीण असते. या आकड्यांचा एक व्यवहारी उपयोगही आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वाकवून तीत रंगीत पाणी भरले, तिची एक बाजू वेगदर्शकाच्या दाबनळीस जोडली आणि हलकेच फुंकर घातली, तर पाण्याच्या दोन पातळ्यांतील अंतर फूटपट्टीने मोजून तबकडीवरील आकडे घरच्या घरी पडताळता येतात.

उंचीदर्शकाची गोष्टही अशीच आहे. समुद्रसपाटीजवळ दर मिलिबारमागे उंची सुमारे २७ फुटांनी बदलते. मुंबईत जानेवारीतील सरासरी दाबाहून जुलैतील दाब सुमारे दहा मिलिबारांनी कमी असतो. जुहूच्या धावपट्टीवर जानेवारीत शून्यावर लावलेले उंचीदर्शक जुलैत, विमान जागचे हललेले नसताही, अडीचशे फुटांहून अधिक उंची दाखवील. यंत्रात बिघाड काहीच नाही. गृहीत तेवढे शिळे झालेले आहे. दाबाचा आकडा लावण्याचे बटण वैमानिकाच्या हाताला सहज लागेल असे ठेवावयाचे ते याचसाठी.

गृहीत शिळे होणे एक वेळ पत्करले. नळी बुजणे त्याहून घातक. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळून आतील सर्व १८९ माणसे मृत्यू पावली. विमान त्यापूर्वी बरेच दिवस उभे होते, आणि मुख्य वैमानिकाच्या वेगदर्शकाची नळी बहुधा कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने बुजली असावी, असे तपासात मानले गेले. नळीत कोंडलेला दाब तसाच राहिला. विमान वर चढू लागताच बाहेरचा दाब घटला व दोहोंतील फरक वाढला. त्यामुळे वेग वाढतो आहे असे काटा सांगत राहिला, आणि प्रत्यक्षात विमान मंदावत गेले. सहवैमानिकाचे उपकरण बरोबर होते. परंतु दोहोंतील कोणावर विश्वास ठेवावयाचा हे वेळीच ठरले नाही. कुंभारीण आपल्याकडेही घरोघरी आहे. नळीच्या तोंडाला लाल पट्टी लावलेले आच्छादन घालणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय फलकाच्या रचनेत आहे. फेऱ्यांचे यंत्र एंजिनाच्या विजेवर चालते, त्याचा हवेच्या नळ्यांशी संबंध नसतो. म्हणून ते वेगदर्शकाच्या शेजारी असावे. फेरे तितकेच, नाक वर आणि तरीही वेग वाढतो आहे, अशी विसंगती मग एका दृष्टिक्षेपात दिसते. स्वतंत्र साक्षीदार शेजारीशेजारी बसवावेत, हे तत्त्व पत्र्याला भोके पाडण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करून, आसनावर बसून, तपासून घ्यावे. भोके ७९ किंवा ५७ मिलिमीटरांची, ठरलेल्या मापांची असतात. एकदा पाडली की हलविता येत नाहीत.

आता तारकाम. लोहार चाळीत आणि लॅमिंग्टन रोडवर तार, कळा, फ्यूज हे सर्व मिळते. पण घराच्या भिंतीतील तार विमानात चालत नाही. एकाच जाड तांब्याची तार कंपनाने तुटते, म्हणून अनेक बारीक, कल्हई केलेल्या तंतूंची तार घ्यावी. आणि साध्या प्लास्टिकचे वेष्टन जळताना गुदमरविणारा धूर सोडते, म्हणून टेफ्झेलसारखे उष्णतेस टिकणारे वेष्टन असावे. तारेचे टोक झाळून जोडण्याची सवय आपल्या कारागिरांत खोल रुजलेली आहे. मात्र झाळ तंतूंमधून वर चढते, तेवढा भाग ताठ होतो, आणि कंपनाने तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. त्यापेक्षा योग्य मापाचे थिंबल योग्य पकडीने दाबून बसविणे बरे, व तारेला जवळच आधार देणे त्याहून बरे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो ही समजूतही सोडावयास हवी. तो तारेचे रक्षण करतो. म्हणून तो बॅटरीच्या बाजूस असावा व प्रत्येक उपकरणास वेगळा असावा, म्हणजे एक शाखा बंद पडली तरी बाकीचा फलक जिवंत राहतो.

कारागिरांच्या बोलीतील ‘अर्थ’ हा शब्द येथे फसवितो. घरात त्याचा संबंध खरोखरच जमिनीशी असतो. आकाशातील विमानाला जमीन नाही. येथे अर्थ म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट, एवढेच. ही वाट सांगाड्याच्या नळ्यांतून जागोजाग काढण्याऐवजी प्रत्येक उपकरणाची परतीची तार एकाच ठिकाणी आणून जोडावी.

या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग एंजिनाच्या कळेत आढळतो. लहान एंजिनात ठिणगीची वीज एंजिन स्वतःच निर्माण करते. बॅटरीचा तिच्याशी संबंध नसतो. एंजिन थांबवावयाचे तर ती वीज अर्थला जोडून वाया घालवावी लागते. दिव्याच्या मंडलात ‘जोडणे’ म्हणजे ‘सुरू करणे’. या मंडलात ‘जोडणे’ म्हणजे ‘बंद करणे’. तार तुटली तर दिवा विझतो, एंजिन मात्र चालू राहते. हवेत तेच हवे असते. जमिनीवर मात्र त्याचा अर्थ असा की कळ ‘बंद’वर असतानाही पंखा हाताने फिरविल्यास एंजिन पेट घेऊ शकेल आणि हात जाऊ शकेल. म्हणून या कळेवरची अक्षरे इतर कळांहून वेगळ्या रंगात असावीत, आणि प्रत्येक उड्डाणानंतर कळ दाबून एंजिन खरोखर थांबते काय हे पाहावे.

तारकामाने काट्यालाच कसे फसविता येते याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची पद्धतशीर नोंद होत असे. घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा या नोंदी बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबाग येथे, चुंबकाकडे न ओढल्या जाणाऱ्या साहित्याची नवी वेधशाळा उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांची सांगड घालण्यात आली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. पुढे गिरगाव, परळ, दादर अशी ती सर्वत्र पसरली व १९६४ साली बंद झाली.

विमानाच्या होकायंत्राला अलिबाग नाही; ते तारांच्या शेजारीच राहणार. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. पाच अँपिअर प्रवाहाची एकेरी तार पाच सेंटिमीटरांवर २० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र निर्माण करते, म्हणजे काटा सुमारे २८ अंश ढळू शकतो. तीस सेंटिमीटरांवर तोच दोष पाच अंशांपर्यंत उतरतो. जाणारी व परतणारी तार एकमेकींभोवती पिळली तर दोहोंची क्षेत्रे परस्परांना जवळजवळ खोडतात. उरलेला दोष मोजावाच लागतो. विमान मोकळ्या जागी, एंजिन व सर्व कळा चालू ठेवून, दर तीस अंशांनी फिरवावे, आणि प्रत्येक दिशेतील फरक कार्डावर लिहून ते होकायंत्राखाली लावावे. कार्डावर तारीख असावी. फलकावर एखादे उपकरण वाढले किंवा एक तार जरी हलली, तरी ते कार्ड काढून नवे करावे.