वाटसरूचा शेरा

कवठे येमाईला देवीच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं येतात. वाटेत कुठं चहा घेतात, कुठं जेवतात. पूर्वी अशी मंडळी घरी गेल्यावर चार जणांना सांगत. आता मोबाइलच्या नकाशावर त्या ठिकाणाला एक ते पाच चांदण्या देतात आणि खाली दोन ओळी लिहितात. ज्यानं गाव कधी पाहिलं नाही, तोही त्या वाचतो.

समजा, एका पारधी बाईनं रस्त्याला चहाची टपरी टाकली. पहिल्या गिऱ्हाइकानं पाच चांदण्या दिल्या. दुसऱ्यानं एकच दिली आणि लिहिलं, "चहा पाणचट. इथं पारध्यांची वस्ती आहे, गाडी सांभाळा." पाच आणि एक सहा. दोघांत वाटले, की सरासरी तीन. शंभर शेरे असते तर ही एक चांदणी कुठल्या कुठं बुडाली असती. पण टपरी नवी, शेरे दोनच. आता तो शेरा नीट पाहा. चहा पाणचट, हे त्यानं पिऊन लिहिलं. गाडीला तर कुणी हातही लावला नव्हता. मग ते त्यानं कुठून आणलं?

ते फार जुनं आहे. 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं तो वाढवत नेला. फासेपारध्यांसारख्या कितीतरी जमातींची नावं त्यात गेली. नाव लागलं, की चोरी केलेली असो वा नसो, पोलिसाकडं हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना घ्यायचा. सोलापुरात तर अशा लोकांची वसाहत तारेच्या कुंपणाआड होती. साहेब लोकांनी जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटिअर लिहिले. आपल्या पुणे जिल्ह्याचा 1885 सालचा. त्यांत एकेका जातीला दोन-चार ओळींत स्वभाव चिकटवून दिला. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. शेरा काही गेला नाही.

आम्हीही यातून सुटलो नाही. शाळेत असताना आम्ही एका पारधी मुलाच्या नावापुढं 'सतत गैरहजर, लक्ष नाही' असं लिहिलं. आईबाप पोटामागं हिंडत, पोरगं त्यांच्यासंगं जाई, हे आम्हाला ठाऊक होतं. ते लिहायला जागाही होती. पुढच्या मास्तरांनी तेवढंच वाचलं अन् पोराला मागं बसवलं.

मोबाइलवरच्या शेऱ्याला उत्तर देता येतं, एवढा फरक आहे. दुकान मालकाच्या नावानं नोंदलेलं असलं, तर शेऱ्याखाली मालकाचं उत्तर दिसतं. जातीवरून वाईट लिहिलं असेल, तर शेऱ्याच्या कडेला तीन ठिपके असतात, ते दाबून कुणालाही तक्रार करता येते. कंपनी कधी शेरा काढते, कधी नाही काढत. पण हे सगळं बाईला वाचता येत असेल तर. नाहीतर आपल्याविषयी काय लिहिलंय, हे तिला सगळ्यांच्या शेवटी कळतं.